ज्या नाण्याला दुसरी बाजू नव्हती

‘नाण्याला दोन बाजू असतात’ हे वाक्य आपण दिवसातून एकदा तरी ऐकतो. वाद मिटवायचा असला की ते हटकून येते. इतिहास शिकवण्यात माझी तीस-बत्तीस वर्षे गेली. वर्गात मुलांना मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकवले असेल, की त्याची मोजदाद नाही. मजा अशी, की ज्या राज्याला आपण मराठी भाषेचे पहिले मोठे राज्य म्हणतो, त्या देवगिरीच्या यादवांच्या सोन्याच्या नाण्याला एकच बाजू होती. दुसरीकडे काहीही नाही. कोरी, गुळगुळीत पाठ!

या नाण्याला अभ्यासक ‘पद्मटंक’ म्हणतात. मधोमध कमळ असते, म्हणून पद्म. आकाराने ते आजच्या नाण्यासारखे सपाट नसते. थोडे खोलगट, लहानशा वाटीसारखे असते. वजन साधारण पावणेचार ग्रॅम, म्हणजे सराफाच्या जुन्या मापाने तीस-बत्तीस गुंजा. कमळाभोवती ‘श्री’, राजाचे नाव, आणि शंखासारखी एखाददुसरी खूण. बस्स, एवढेच. राजाचा मुखडा नाही, साल नाही, टांकसाळीचे गावही नाही.

या नाण्याशी माझा एक जुना हिशेब आहे. तो शेवटी सांगेन. आधी ही नाणी कशी पाडत, ते पाहू.

ठशामागून ठसा

आजचे नाणे यंत्रात एका दाबात तयार होते. वरचा ठसा आणि खालचा ठसा यांच्यामध्ये चकती सापडते आणि दोन्ही बाजू एकदम उमटतात. हातोड्याच्या काळातही पुष्कळ ठिकाणी हीच रीत होती. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला, वरचा हातात धरलेला. पद्मटंकाची रीत मात्र निराळी होती.

आधी सोने गाळायचे, कसाला लावायचे, मग नेमक्या वजनाचा तुकडा घ्यायचा. तो ठोकून त्याची चकती करायची. मग मधोमध कमळाचा ठसा, त्यानंतर एका अंगाला ‘श्री’चा, दुसऱ्या अंगाला राजाच्या नावाचा, आणि उरलेल्या जागेत शंख किंवा दुसरी खूण. प्रत्येक चिन्हाचा ठसा वेगळा आणि प्रत्येकाचा घाव वेगळा. सगळे घाव एकाच बाजूने पडत, त्यामुळे चकती आत दबून वाटीचा आकार घेई. मागची बाजू कोरी राहण्याचे कारणही हेच. तिच्याखाली ठसाच नसे.

यातून एक गंमत झाली. यंत्राची हजार नाणी हजार जुळ्या भावंडांसारखी दिसतात. पद्मटंकांचे तसे नाही. एखाद्यात नाव जरा तिरपे झालेले, एखाद्यात ‘श्री’ काठाबाहेर गेलेली, एखाद्यात शंख कमळावर चढलेला. त्या दिवशी कारागिराचा हात कसा चालला, ते नाण्यावर दिसते. त्या कारागिराचे नाव मात्र कुठे लिहिलेले नाही.

ही पद्धत यादवांनी शोधून काढली असे नव्हे. आपल्या देशातली सर्वांत जुनी चांदीची नाणी, ज्यांना आपण ‘आहत’ नाणी म्हणतो, तीही अशीच एकेक ठसा मारून केलेली होती. ती इसवी सनापूर्वीची. पुढे दक्षिणेत, कल्याणीचे चालुक्य आणि कदंब यांच्या काळात सोन्यावर हीच रीत आली. यादव आधी चालुक्यांचे मांडलिक. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने स्वतंत्र राज्य उभारले, तेव्हा राज्याबरोबर नाण्याची रीतही वारशाने आली.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पद्मटंकावर राजाचे नाव बहुधा नागरीत असते, पण ‘श्री’ पुष्कळदा कानडी-तेलुगू वळणाची असते. सुमारे पावणेचार ग्रॅम सोन्यावर दोन लिप्या शेजारी शेजारी नांदत होत्या. पंढरपूरला विठ्ठलमंदिरातला जो ‘चौऱ्याऐंशीचा शिलालेख’ आहे, तो 1273 ते 1277 या काळातला. मंदिराला कोणी काय दिले याची त्यात नोंद आहे, आणि त्यातही मराठीबरोबर कानडी आहे. भाषेवरून भांडणाऱ्या आपल्या पिढ्यांनी हे नाणे एकदा तळहातावर घेऊन पाहायला हरकत नाही.

भास्कराचार्यांचा भिकारी

नाणे पाडणे ही एक गोष्ट आणि ते चालणे ही दुसरी. सोन्याचे टंक घेऊन कोणी भाजी आणायला जात नसे. मग बाजार कसा चालत होता?

याचे उत्तर एका गणिताच्या पुस्तकात सापडते. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ 1150 ची. सुरुवातीलाच त्यांनी पैशाचे कोष्टक दिले आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म, सोळा द्रम्मांचा एक निष्क. हिशेब केला तर एका द्रम्माच्या 1,280 कवड्या होतात आणि एका निष्काच्या 20,480.

पुढे अपूर्णांकांचे एक गणित येते. कोणा कंजूष माणसाने भिकाऱ्याला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोनतृतीयांशाच्या तीनचतुर्थांशाच्या पाचव्या भागाच्या सोळाव्या भागाचा चौथा हिस्सा दिला. तर त्याने किती दिले? एवढा गुणाकार केल्यावर उत्तर येते एक कवडी! आपल्या मराठीत कंजुषाला ‘कवडीचुंबक’ म्हणतात. भास्कराचार्यांनी तो साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी गणितात आणून ठेवला होता.

त्याच पुस्तकात सोन्याचेही गणित आहे. तेरा, बारा, अकरा आणि दहा कसांचे सोने, वजनाने दहा, चार, दोन आणि चार मासे, एकत्र आटवले तर किती कसाचे होईल? उत्तर, बारा कसाचे. तेच आटवून शुद्ध करताना वीस माशांचे सोळा मासे उरले तर कस किती? उत्तर, पंधरा. टांकसाळीतल्या माणसाला रोज सोडवावे लागणारे हे गणित आहे. हिणकस सोने किती आले, त्यातून टंक किती पडतील आणि तूट किती येईल, हे ज्याला कळत नाही त्याने भट्टीसमोर बसू नये.

या घराण्याचा आणि यादवांचा संबंध नुसता तर्काचा नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला. तिथला शिलालेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे आणि त्यात पाटणच्या बाजारातून मठाला काय मिळावे ते सांगितले आहे. तिथे दोन नाण्यांची नावे येतात, ‘दाम’ आणि ‘आसू’. गिऱ्हाइकाकडून दर आसूमागे दामाचा विसोवा, म्हणजे विसावा हिस्सा, मठाला द्यायचा. तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल द्यायचे, तेही त्यात आहे.

राजाने दिलेल्या दानाच्या नोंदी पुष्कळ मिळतात. पण इथे गिऱ्हाईक, घाणा, माप आणि मोड एका जागी भेटतात, म्हणून मला हा शिलालेख फार मोलाचा वाटतो. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’तही दाम आणि आसू येतात. चक्रधरस्वामी रामटेकच्या यात्रेला म्हणून निघाले आणि वाटेत ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंना भेटले, ही कथा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे दाम आणि आसू ही नावे आपल्या विदर्भाच्या रस्त्यांवरही ऐकू येत होती.

या शब्दांचा प्रवास तर नाण्यांपेक्षा लांबचा आहे. ‘दाम’ हा ‘द्रम्म’ वरून आला आणि द्रम्म ग्रीकांच्या ‘द्राख्मा’ वरून. ‘नाणे’ हा शब्द कुषाणांच्या नाण्यांवरच्या ‘नाना’ या देवीच्या नावाशी पुष्कळ विद्वान जोडतात. ‘टंक’ वरून टांकसाळ झाली, टका झाला आणि बांगलादेशात आजही ‘टाका’ चालतो. आसू तेवढा बिचारा हरवला.

देवगिरीचे सोने

पद्मटंकांवर सिंघण, कान्हर म्हणजे कृष्ण, महादेव आणि रामचंद्र अशी नावे वाचली गेली आहेत. 1271 मध्ये रामचंद्र गादीवर आला. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्याचा उल्लेख येतो, तोच हा राजा. आपल्या रामटेकच्या गडावर लक्ष्मणाच्या देवळात त्याच्या काळातला शिलालेख आहे. नागपूरपासून इतक्या जवळ यादवांची खूण उभी आहे, पण आपण तिथे जातो, वांग्याचे भरीत खातो आणि परत येतो.

1296 मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर झडप घातली. लुटीचे आकडे फरिश्त्याने दिले आहेत. सहाशे मण सोने, हजार मण चांदी वगैरे. फरिश्ता तीनशे वर्षांनंतरचा, त्यामुळे आकडे जपूनच घ्यावेत. बरनी मात्र त्याच शतकातला. तो सांगतो, की कड्याहून दिल्लीला जाताना अल्लाउद्दीन मुक्कामा-मुक्कामाला एका छोट्या मंजनिकात, म्हणजे गोफणयंत्रात, पाच मण सोन्याचे तारे भरून लोकांवर उधळीत असे. लोक गोळा होत, सोने वेचत आणि त्याच्या बाजूचे होत. चुलत्याला मारून मिळवलेले राज्य लोकांच्या गळी उतरवायला देवगिरीचे सोने असे कामी आले.

उरलेल्या सोन्याचे काय झाले, त्याचा माग एका वेगळ्या पुस्तकात लागतो. ठक्कुर फेरू नावाचा एक जैन गृहस्थ दिल्लीच्या टांकसाळीत अधिकारी होता. त्याने 1318 मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ नावाचा ग्रंथ लिहिला. देशोदेशीची नाणी दिल्लीत येत, त्यांचे वजन किती, कस किती आणि किंमत किती धरायची, याचे हे पुस्तक. मुलाला आणि भावाला शिकवावे म्हणून लिहिलेले. त्यात देवगिरीची नाणीही आहेत.

आपल्या दृष्टीने ते ऐतिहासिक साधन आहे. फेरूच्या दृष्टीने ती भट्टीची यादी होती. परक्या राजाचे नाणे आले, की त्यात धातू किती निघेल एवढाच प्रश्न. राजाचे नाव, कमळ आणि शंख यांची किंमत शून्य. अशा किती पद्मटंकांचे दिल्लीचे टंके झाले असतील, याची कल्पनाच करावी. ज्या वर्षी फेरूने हे पुस्तक लिहिले, त्याच सुमारास हरपाळदेवाचा वध होऊन यादवांचे राज्य कायमचे संपले होते.

त्याआधीच देवगिरीच्या किल्ल्याचे नाव घालून अल्लाउद्दीनचे सोन्याचे टंके पडू लागले होते. ते सपाट, अकरा ग्रॅमच्या आसपास, आणि दोन्ही बाजूंनी लेख असलेले. पुढे महंमद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद केले. 1330 च्या सुमारास त्याने पितळ-तांब्याच्या नाण्याला चांदीच्या टंक्याची किंमत द्यायचे फर्मान काढले, तेव्हा तीही नाणी दौलताबादेत पडली. घरोघरी टांकसाळी निघाल्या असे बरनी चिडून लिहितो. दोन-तीन वर्षांत सुलतानाला ती सगळी नाणी परत घ्यावी लागली. नाणे हुकमाने पाडता येते. त्यावरचा विश्वास हुकमाने पाडता येत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या नागपूरकर भोसल्यांचे आहे. 1751 नंतर ओडिशा त्यांच्या ताब्यात आला. कटकच्या टांकसाळीत रुपया पडू लागला तो मोगल बादशहा अहमदशहा बहादूर याच्या नावाने. 1754 मध्ये त्याला गादीवरून काढून आंधळे केले गेले. तरी कटकचा रुपया त्याच्याच नावाने चालू राहिला. लोकांच्या हाताला जे नाव सवयीचे, ते बदलायचे कशाला? राज्य भोसल्यांचे आणि नाव बादशहाचे, असा हा व्यवहारी शहाणपणा.

माझा हिशेब

आता तो जुना हिशेब.

मी नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. रामटेककडचा एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्याजवळ आला. खिशातून त्याने कुंकवाचा छोटा करंडा काढला. आत कापसात एक सोन्याची चकती होती. वाटीसारखी खोलगट. “सर, आमच्या देवघरातली आहे. आजीच्या सासूपासून पूजेत आहे. बाबा म्हणतात, सरांना दाखवून ये.”

मी ती हातात घेतली. मध्ये फूल होते, बाजूला अक्षरे होती. ‘श्री’ आणि ‘राम’ एवढे लागले. पुढची घंटा होत होती. मी म्हणालो, “हा रामटंका दिसतो. देवस्थानात पूजेसाठी मिळतो तसा. दोन-तीनशे वर्षांचा असेल. नाणे नव्हे हे.” तो “बरं सर” म्हणाला आणि करंडा बंद करून गेला.

मी चुकलो होतो असे मला लगेच वाटले नाही. वर्ष-दीड वर्षाने एका ग्रंथालयात दक्षिणेच्या नाण्यांवरचे पुस्तक चाळत होतो. रामचंद्र यादवाच्या पद्मटंकाचे छायाचित्र समोर आले आणि माझा हात थांबला. खोलगट चकती, मध्ये कमळ, बाजूला ‘श्री’ आणि ‘राम’. पूजेच्या रामटंक्यावर रामाचा दरबार असतो, राम-सीता आणि हनुमान असतात. करंड्यातल्या चकतीवर एकही मूर्ती नव्हती. वर्गात मुलांना ‘नीट पाहा’ म्हणून सांगणारा मी, पण मूर्ती नाही ही साधी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. चकती उलटी करून मी पाठ तरी पाहिली होती का, तेही मला आठवेना.

पत्ता शोधून मी त्या मुलाच्या घरी गेलो. चहा झाला. मी विषय काढताच त्याची आई आत गेली आणि मुलीला घेऊन बाहेर आली. नुकतेच लग्न झालेली मुलगी माहेरी आली होती. तिच्या गळ्यातल्या पोतीकडे बोट दाखवून आई म्हणाली, “त्याचंच सोनं घातलं जी यात. सोनाराकडे दिलं तेव्हा बाईचा जीव थोडा हलला, पण सर म्हणाले जुनं नाणं नाही म्हणून...”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. उलट घरच्या देवाचे सोने लेकीच्या गळ्यात आले याचे समाधान होते. मी पोत सुंदर आहे म्हणालो. त्या बाईंना मी दुसरे काहीच सांगितले नाही. मुलाला मात्र बाहेर रस्त्यावर सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “घरी नका सांगू सर. आईला रात्री झोप नाही येणार.”

ती चकती पद्मटंकच होती का? आज कोणीच सांगू शकत नाही. वजन केले नव्हते, फोटो काढला नव्हता, कागदावर पेन्सिलीने ठसा उमटवला असता तरी पुरले असते. ठक्कुर फेरूने निदान वजन आणि कस लिहून मग भट्टीत टाकले. मी तेवढेही केले नाही.

म्हणून एक विनंती. आपल्याकडे देवघरात, कुंकवाच्या करंड्यात, आजीच्या बटव्यात जुनी नाणी असतात. ती विका किंवा विकू नका, तो तुमचा प्रश्न. पण मोडीत देण्याआधी तीन गोष्टी करा. वजन करा. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, कोरी असली तरी दुसऱ्या बाजूचाही. आणि ते कोणाकडून आले, कोणत्या गावचे, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. नाणे घासू नका, चिंच किंवा लिंबू लावून उजळवू नका. नाण्यांच्या अभ्यासकाला दाखवा, आणि त्याला घाई असेल तर दुसऱ्याला दाखवा.

शेतात नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली तर गोष्ट वेगळी आहे. 1878 चा कायदा त्याला लागू होतो. जमिनीत दडलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. लोक भितात, की सगळे सरकारजमा होईल. पण सरकारने असा ठेवा घ्यायचे ठरवले, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. भीतीपोटी रातोरात आटवले जाते तेव्हा सोने राहते आणि त्याची हकीकत जाते.

आपल्या अजब बंगल्याने, म्हणजे 1863 पासूनच्या मध्यवर्ती संग्रहालयाने, जुन्या मध्यप्रांतात सापडलेली कितीतरी नाणी जपली. त्यांतली बरीचशी कोणा शेतकऱ्याने किंवा मजुराने उचलून तहसिलीत नेऊन दिली, म्हणूनच आली. त्यांची नावेही, नाणे घडवणाऱ्या कारागिरांच्या नावांसारखी, बहुतेक वेळा आपल्याला ठाऊक नसतात.

तो विद्यार्थी आता स्वतः शिक्षक आहे. मध्यंतरी भेटला तेव्हा सांगत होता, त्याच्या शाळेत दरवर्षी तो मुलांना घरची जुनी नाणी आणायला सांगतो. एका वहीत वजन लिहितो, पेन्सिलीने ठसा काढतो आणि नाणे मुलाच्या हातात परत देतो. वहीची दोन पाने एका नाण्याला. डावीकडे एक बाजू, उजवीकडे दुसरी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)